लशीनंतरचा ताप आणि अंगदुखी: कोणाला कोणती गोळी, कधी आणि किती

आईने नागिणीच्या लशीचा पहिला डोस घेतला, त्या रात्री दोन वाजता तिला हुडहुडी भरली. दात वाजत होते, दोन पांघरुणं घालूनही थंडी हटत नव्हती. मी औषधांचा डबा उपडा केला आणि माझ्या पाठदुखीसाठी आणलेली एक स्ट्रिप हाती लागली. मला ती चांगली लागू पडली होती. गोळी काढली, पाण्याचा पेला घेऊन तिच्या उशाशी बसलो आणि तेव्हा कुठे स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचली: डायक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल. आईची मूत्रपिंडं मधुमेहामुळे आधीच कमजोर आहेत. डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं तिला अजिबात द्यायची नाहीत, हे तिच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. रात्री दोन वाजता ते मला आठवलं नाही.

गोळी परत ठेवली, साधी पॅरासिटामॉल शोधून दिली. तासाभरात तिला घाम फुटला आणि ती झोपली. पण तो पेला हातात धरून बसल्याचा क्षण मी विसरलेलो नाही. गोळी लशीवरून ठरत नाही, ती घेणाऱ्या माणसावरून ठरते. आणि ती सुई टोचण्याआधी, दिवसाउजेडी ठरवून ठेवायची असते. मी डॉक्टर नाही. आईच्या, भाचीच्या आणि माझ्या स्वतःच्या डोसांच्या वेळी डॉक्टरांना आणि नर्सना विचारून विचारून जे पदरी पडलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

## १. अंग का दुखतं, हे आधी समजून घ्या

लस टोचली की शरीराच्या पहाऱ्यावरच्या पेशी काहीतरी परकं आलं म्हणून हाकाटी करतात. त्यांनी सोडलेली रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकवतं. काटा वर गेला आणि अंग अजून तेवढं तापलेलं नसलं की थंडी वाजते. म्हणून ताप चढण्याआधी हुडहुडी भरते. डोकेदुखी, अंग मोडून येणं, थकवा हे त्याच हाकाटीचे भाऊबंद. दंड दुखतो, लाल होतो, सुजतो, कारण मुख्य धावपळ तिथेच चाललेली असते. काखेत गाठही येऊ शकते. जुनी माणसं तिला अवधाण म्हणतात.

बहुतेक लशींचा हा त्रास पहिल्या २४ तासांत सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. काखेतली गाठ मात्र आठवडाभर किंवा त्याहून जास्त रेंगाळू शकते. लगेचच स्तनांची मॅमोग्राफी ठरलेली असेल, तर कोणत्या दंडात आणि कधी लस घेतली हे तिथे आवर्जून सांगा, नाहीतर त्या गाठीने विनाकारण जीव टांगणीला लागतो.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. त्रास झाला नाही म्हणजे लस लागू पडली नाही, असं नाही. कित्येकांना काहीच होत नाही आणि संरक्षण पूर्ण मिळतं. आणि डोसनंतर जाणवलेली प्रत्येक गोष्ट लशीमुळेच असते, असंही नाही. कोविड लशीच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसतं औषधहीन इंजेक्शन दिलं होतं, त्यांच्यापैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर थकवा, डोकेदुखी असा काही ना काही त्रास सांगितला. तो त्रास खोटा नव्हता. आपण शरीराकडे कान लावून बसलो की एरवीची कुरबुरही ऐकू येते, एवढंच.

## २. टोचून घेण्याआधीची तयारी

सोबत न्यायच्या गोष्टी:

- लसीकरणाचं कार्ड किंवा आधीच्या डोसांची नोंद
- रोज चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, मात्रेसह
- औषधाची किंवा आधीच्या लशीची ॲलर्जी असेल तर तिची नोंद
- मूत्रपिंड, यकृत, पोटातला अल्सर, दमा, हृदयविकार यांपैकी काही असेल तर अलीकडचे रिपोर्ट
- लहान मूल असेल तर त्याचं ताजं वजन

घरी तयार हवं: चालू स्थितीतला थर्मामीटर, एकच घटक असलेली साधी पॅरासिटामॉल, स्वच्छ मऊ कापड, वही आणि पेन. औषध त्या दिवशी आणू म्हटलं, तर माझ्यासारखा डबा उपडा करण्याची वेळ येते.

लस देणाऱ्या व्यक्तीला एक प्रश्न नक्की विचारा: "यांना ताप आला तर कोणती गोळी चालेल आणि कोणती चालणार नाही?" उत्तर कार्डावर लिहून घ्या.

वेळेचाही विचार करा. सकाळी अकराला लस घेतली, तर त्रासाचा भर साधारण त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा, प्रवास किंवा महत्त्वाचं काम नसेल असा दिवस निवडा. नागिणीच्या नव्या लशीत प्रतिकारशक्तीला मुद्दाम चेतवणारा घटक घातलेला असतो, त्यामुळे तिचा दणका इतर बऱ्याच लशींपेक्षा जोराचा बसतो.

आता सगळ्यांत जास्त केली जाणारी चूक. ताप येऊच नये म्हणून आधीच गोळी घेऊन जाऊ नका. २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ४५९ बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना लशीबरोबर ठरवून पॅरासिटामॉल दिली, त्यांना ताप कमी आला, पण काही लशींसाठी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडंही कमी भरली. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीची गोष्ट वेगळी आहे, ती घेण्यात संकोच नको. काही लशींसाठी, उदाहरणार्थ बाळांच्या मेनिन्गोकोकल बी या मेंदूज्वरावरच्या लशीसोबत, डॉक्टर स्वतःच पॅरासिटामॉल द्यायला सांगतात. तिथे त्यांचं ऐकायचं. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी डॉक्टरांनी रोजची औषधं दिली असतील, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## ३. लस घेताना आणि नंतरची पंधरा ते तीस मिनिटं

ज्या हाताने लिहिता, त्याच्या दुसऱ्या दंडात लस घ्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेत एका बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूचा हात टाळायला सांगा. बाही पूर्ण वर घ्या, म्हणजे सुई नेमकी दंडाच्या मांसल भागात जाईल. खांद्याच्या अगदी टोकाशी टोचली गेली, तर सांध्यालाच इजा होऊन महिनोन्महिने हात वर न होण्याची शक्यता असते. दंड ताठ धरू नका, हात मांडीवर सैल सोडा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. बारीक सुई वापरतात आणि नंतर ती जागा दोन मिनिटं न चोळता घट्ट दाबून धरतात.

अंगावरच्या बाळाला टोचताना पाजत राहिलं, तर त्याला कमी दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदना कमी करण्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत हीही आहे. माझी बहीण आधी कचरत होती. नर्सनेच तिला तसं बसवलं, आणि भाची सुई निघाल्यावर क्षणभर रडून पुन्हा दुधाला लागली.

लस झाली की लगेच निघू नका. जिवावर बेतणारी ॲलर्जी फार विरळ असते, दहा लाख डोसांमागे साधारण एक, पण ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. अंगावर पित्तासारख्या गांधी, ओठ-जीभ सुजणं, घशाला आवळल्यासारखं होणं, धाप, नाडी वेगाने धावणं, ही तिची चिन्हं. तिच्यावर मांडीत तातडीने टोचायचं ॲड्रेनॅलिन हाच उपाय आहे आणि तो लसीकरणाच्या जागी हाताशी असतो. नुसती भोवळ वेगळी: माणूस पांढराफटक पडतो, घाम सुटतो, नाडी मंदावते आणि आडवं करून पाय उंच केले की सावरतो. किशोरवयीन मुलामुलींना ती जास्त येते. त्यांना बसवून किंवा आडवं करूनच लस द्यायला सांगा, कारण पडून डोक्याला लागणं हीच तिथली खरी भीती आहे.

## ४. पहिले दोन दिवस: आधी गोळीशिवाय

दंडावर गार पाण्यात पिळलेलं कापड दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हात जपून ठेवू नका, अधूनमधून खांद्यापासून फिरवा. न हलवलेला दंड जास्त आखडतो. चोळणं, दाबणं, बाम, गरम शेक या कशाचीही गरज नाही.

हुडहुडी भरलेली असताना पांघरूण द्या. ताप चढून अंग तापलं की ते काढा आणि पातळ कपडे ठेवा. मी आईला घाम आल्यावरही तसंच गुंडाळून ठेवलं होतं. तिनेच वैतागून पांघरूण लाथाडलं. पाणी थोडं थोडं पण सतत द्या. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नका, त्याने पुन्हा थंडी वाजून ताप वर जातो.

ताप मोजूनच ठरवा, कपाळाला हात लावून नाही. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर असेल तर ताप. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी दाखवतं, हे लक्षात असू द्या. आणि ताप आहे म्हणून गोळी दिलीच पाहिजे असं नाही. ३८.२ ताप असूनही माणूस शांत झोपला असेल, तर त्याला गोळीसाठी उठवू नका. गोळी आराम पडावा म्हणून द्यायची असते, थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी नाही.

## ५. मोठ्यांसाठी गोळी निवडणं

पहिली पसंती पॅरासिटामॉल. ती पोटाला जाचत नाही, रक्त पातळ करत नाही, मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा दमा असलेल्या बहुतेकांना चालते. गरोदरपणातही तीच पहिली. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू घेणं असेल किंवा बरेच दिवस नीट जेवण नसेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गोळी घेतल्यावर अर्धा ते एक तास धीर धरा. पंधरा मिनिटांत फरक नाही म्हणून दुसरी घेणारे खूप आहेत.

याहून मोठा सापळा छुप्या पॅरासिटामॉलचा. सर्दीच्या गोळ्या, अंगदुखीच्या जोडगोळ्या, पाण्यात विरघळवून प्यायच्या पुड्या, यांतल्या कित्येकांत पॅरासिटामॉल असतेच. माझ्या भावाने लशीच्या तापासाठी एक गोळी, सर्दी वाटली म्हणून दुसरी आणि अंग दुखतं म्हणून तिसरी अशी दिवसभर घेतली. तिन्हींच्या मागचं वाचून मी बेरीज केली तेव्हा ती साडेतीन ग्रॅमवर गेली होती आणि रात्रीचा डोस अजून बाकी होता. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलची गोम अशी की पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वांत उत्तम काम करतो. मात्रा ओलांडल्याची नुसती शंका आली, तरी त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जा.

पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम बरंच असतं. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी साधी गोळीच घ्यावी.

दुसरी पसंती आयबुप्रोफेन. दंडाची सूज आणि ठणका जास्त असेल आणि प्रकृती निरोगी असेल, तर ही चांगली. २०० ते ४०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन, सहा ते आठ तासांच्या अंतराने. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. पण पुढच्यांपैकी काहीही लागू असेल, तर ती विचारल्याशिवाय घेऊ नका:

- मूत्रपिंडाचा आजार, किंवा उलट्या-जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असणं
- पोटात अल्सर किंवा पूर्वी झालेला रक्तस्राव
- रक्त पातळ करणारी औषधं
- हृदयाची कमजोरी, किंवा रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवी वाढवणारी गोळी चालू असणं
- अशा गोळ्यांनी उसळणारा दमा
- गरोदरपणाचे २० आठवडे किंवा पुढे
- आसपास डेंग्यू असणं आणि ताप लशीचाच आहे याची खात्री नसणं

ही यादी नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या सगळ्यांना लागू आहे, कारण ती एकाच कुळातली औषधं आहेत. नावं वेगळी म्हणून यांतली दोन एकत्र घेऊ नका. निमेसुलाइडही त्याच कुळातलं. यकृताला होणाऱ्या धोक्यामुळे फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये, तर आयर्लंडने २००७ मध्ये ते बाजारातून काढलं. तापासाठी मी ते घरात ठेवत नाही.

ॲस्पिरिन तापासाठी नकोच. मुलांना आणि किशोरवयीनांना तर मुळीच नाही, कारण त्यांच्यात मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. कांजिण्यांच्या लशीनंतर सहा आठवडे मुलांना ॲस्पिरिन टाळायला सांगतात ते याचसाठी. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्या मोठ्यांनी मात्र ती थांबवायची नाही; आयबुप्रोफेन तिच्या कामात अडथळा आणू शकतं, म्हणून त्यांनी तापाला पॅरासिटामॉल घ्यावी.

अँटिबायोटिकचा इथे काहीच उपयोग नाही.

## ६. बाळांचं औषध: वजन आणि बाटलीवरचा आकडा

मुलांची मात्रा वयाच्या अंदाजाने नाही, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा.

खरा घोटाळा बाटलीत आहे. समजा बाळ १० किलोचं आहे आणि त्याला १२० मिलिग्रॅम द्यायचं आहे. ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ५ मिलिलीटर. ५ मिलिलीटरमध्ये २५० असलेलं असेल तर साधारण अडीच. आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतील, ज्यांत १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर फक्त १.२ मिलिलीटर. आता थेंबांच्या बाटलीतून कोणी सवयीने ५ मिलिलीटर दिलं तर? ५०० मिलिग्रॅम, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या चौपट. बहिणीच्या घरी थेंब आणि सिरप एकाच रंगाच्या खोक्यांत शेजारी शेजारी होते. आम्ही दोन्हींवर जाड अक्षरांत "१ मिलीत १००" आणि "५ मिलीत १२०" असं लिहिलं. मोजायला बाटलीबरोबर आलेली पिचकारीच वापरा, घरातला चमचा नको.

सहा महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ च्या वर ताप आला, तर तो लशीचाच असेल असं समजून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्या मुलांना तापात झटके येतात, त्यांचे झटके पॅरासिटामॉलने टळतीलच असं नाही. त्यामुळे "औषध उशिरा दिलं म्हणून झालं" असा दोष कोणत्याही आईबापाने स्वतःला लावून घेऊ नये.

## ७. उशिरा येणारे परिणाम

सगळं काही दोन दिवसांतच दिसतं असं नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ताप आणि पुरळ साधारण सहा ते बारा दिवसांनी येतं, कारण त्यातला क्षीण केलेला विषाणू वाढायला तेवढा वेळ घेतो. बीसीजी या क्षयावरच्या लशीच्या जागी काही आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते, खपली धरते आणि वण राहतो. तिच्यावर मलम, पावडर, पट्टी काहीही लावू नका. काही कोविड लशींनंतर आठवड्याभराने दंडावर खाजरा लाल चट्टा येतो आणि आपोआप जातो.

## ८. हे दिसलं तर वाट पाहू नका

लगेच रुग्णालय: धाप, चेहरा किंवा घसा सुजणं, शुद्ध हरपणं, झटका, छातीत दुखणं किंवा जोराची धडधड, नजर धूसर होणं, डोसनंतर चार दिवस उलटल्यावर सुरू झालेली आणि न थांबणारी तीव्र डोकेदुखी, मान ताठरणं, बाळ निपचित पडणं.

त्याच दिवशी डॉक्टर: बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडणं, टोचलेल्या जागेची लाली दोन दिवसांनंतरही पसरत जाणं किंवा तिथे पू होणं, ताप तीन दिवसांच्या पुढे टिकणं, आणि आठवड्यानंतरही खांदा वर न होणं.

टोचलेल्या लशीने सहसा खोकला, घसादुखी किंवा लघवीला जळजळ होत नाही. तापाबरोबर यांतलं काही असेल, तर दुसरा आजार त्याच सुमारास आला आहे असं समजून तपासून घ्या. "लस घेतलीये, येणारच ताप" म्हणत खरा आजार अंगावर काढलेली माणसं मी पाहिली आहेत. गंभीर काही घडलं, तर जिथे लस घेतली तिथे ते कळवा, म्हणजे त्याची अधिकृत नोंद होते.

## ९. पुढच्या डोससाठी लिहून ठेवा

पहिल्या डोसला ताप आला म्हणून दुसरा टाळू नका. गंभीर ॲलर्जी किंवा दुसरं काही गंभीर झालं असेल तरच तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायचा. एरवी वहीत चार गोष्टी पुरतात: कोणती लस, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, कोणती गोळी किती वाजता दिली.

आईचा दुसरा डोस तीन महिन्यांनी झाला. कार्डाच्या मागे मी आधीच लिहिलं होतं: "फक्त पॅरासिटामॉल ५००. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाही." त्याखाली आता तिच्या अक्षरात आहे: "सकाळी १० ला लस. रात्री ९ ला थंडी. ९:१५ ला एक गोळी. पहाटे ४ ला दुसरी. दुपारी जेवले."